'आबाध' आणि 'बाधा' : रोगोपचारविषयक काही शब्दांचा इतिहास

मराठी माणूस आजाराविषयी बोलू लागला की दोन निरनिराळ्या परंपरांचे शब्द त्याच्या तोंडून एकत्रच बाहेर पडतात. 'पित्त खवळले', 'वाताचा त्रास आहे', 'पथ्य सांभाळा' असे तो म्हणतो. आणि त्याच दमात 'भोग आहे', 'बाहेरची बाधा झाली', 'अंगात वारे आले' असेही म्हणतो. पहिल्या प्रकारच्या शब्दांनी रोगाला कारण असते आणि ते शरीरात, आहारात वा ऋतुमानात शोधावयाचे असते, असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांनी ते कारण माणसाच्या हाताबाहेर, म्हणजे मागील जन्मात, भुताखेतांत किंवा देवीच्या कोपात नेऊन ठेवलेले आहे. यांपैकी 'बाधा' हा शब्द आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. पालि वाङ्मयात 'आबाध' म्हणजे साधा आजार. वातापासून उद्भवलेला आबाध, पित्तापासून उद्भवलेला आबाध असे त्याचे प्रकार तेथे सांगितलेले आहेत. आज आपण 'शिळे अन्न बाधले' असे म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलत असतो. परंतु नुसते 'बाधा झाली' असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वैद्य येत नाही, मांत्रिक येतो. एकाच धातूपासून निघालेल्या शब्दाची ही दोन टोके कशी झाली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे 'प्राचीन आरोग्यशास्त्र' असे शब्द उच्चारले की ते सर्व वेदांतून आले असे सांगण्याचा प्रघात आहे. त्यातील ग्राह्यांश आधी मान्य करणे अगत्याचे आहे. 'भेषज' आणि 'भिषज्' हे शब्द ऋग्वेदात व अथर्ववेदात आहेत, आणि पालितील 'भेसज्ज' हा त्याच कुळातील आहे. तथागतांनी हे शब्द नव्याने घडविले असा दावा आम्ही करीत नाही. पण शब्द तोच राहिला तरी त्यातील आशय तोच राहतो असे नाही. अथर्ववेदात ताप हा 'तक्मन्' नावाची जणू एक सजीव शक्ती आहे. त्याला विनवावयाचे, धमकवावयाचे आणि दुसऱ्यांच्या मुलखात घालवून द्यावयाचे. जलोदर हा वरुणाचा पाश आहे. तेथील भेषजात वनस्पती आहेत, परंतु त्या वनस्पतीचे सामर्थ्य मंत्राशी जखडलेले आहे. 'आयुर्वेद' हा शब्द तर वेदसंहितांत नाहीच. तो पुढील काळातला आहे, आणि वैद्यकाला वेदाची प्रतिष्ठा मिळवून देण्याची गरज भासल्यावर तो पुढे आला असावा असे आम्हांस वाटते. ही गरज का भासली, ते पुढे येईल.

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात सीवकसुत्त नावाचे एक लहानसे सुत्त आहे. आमच्या मते भारतीय वैद्यकाच्या इतिहासात या दीड-दोन पानांचे महत्त्व मोठमोठ्या संहितांहून कमी नाही. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना मोळियसीवक नावाचा परिव्राजक त्यांच्याकडे येतो आणि विचारतो : माणसाला जे काही सुख, दुःख वा उपेक्षा अनुभवास येते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच येते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले म्हणणे काय? तथागत त्याला आठ कारणे सांगतात. पित्तापासून उद्भवणारी, सेम्हापासून म्हणजे कफापासून उद्भवणारी, वातापासून उद्भवणारी, या तिन्हींच्या एकत्र येण्याने होणारी 'सन्निपातिक', ऋतू पालटल्याने होणारी 'उतुपरिणामज', शरीराची नीट निगा न राखल्याने होणारी 'विसमपरिहारज', मार-आघात इत्यादी बाहेरच्या उपक्रमाने होणारी 'ओपक्कमिक', आणि आठवी 'कम्मविपाकज'. यांतील पहिली कारणे प्रत्येकाला स्वतः जाणता येतात आणि जगातही ती सत्य म्हणून मान्य आहेत. म्हणून सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते असे म्हणणारे लोक स्वतःच्या व जगाच्याही अनुभवाचे उल्लंघन करतात, त्यांचे म्हणणे मिथ्या आहे, असा निर्वाळा तथागत देतात.

आठवे कारण कर्मविपाकाचे आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. ते मूळचे की संकलनाच्या वेळी जोडलेले, याविषयी अभ्यासकांनी वाद घालावा. पण सुत्ताचा निर्णय त्यामुळे बदलत नाही. आठांपैकी सात कारणे याच देहातील, याच ऋतूतील, याच वागणुकीतील आहेत, आणि 'सर्व काही पूर्वकर्म' या मताचा स्पष्ट शब्दांत इन्कार केलेला आहे. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी कठोर चिकित्सा केली आहे, ती काहींना परंपरेला सोडून केलेली वाटते. अशा मंडळींनी सीवकसुत्त एकदा काढून वाचावे. ज्या समाजाला त्याचे दारिद्र्य आणि त्याची अस्पृश्यता हा 'भोग' म्हणून शिकविण्यात आले, त्या समाजाला आपला ताप, आपल्या मुलाचा अतिसार हाही भोगच वाटू लागतो. तेथे औषधाचा प्रश्नच उरत नाही.

या सुत्तातील शब्द किती परिचित आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पित्त आणि वात जसेच्या तसे आपल्या बोलण्यात आहेत. 'सन्निपात' जुन्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होता. 'सेम्ह' म्हणजे संस्कृत 'श्लेष्म'. आपला घरगुती 'शेंबूड' हा त्याच घराण्यातला. अंगुत्तरनिकायातील गिरिमानन्दसुत्तात रोगांची एक लांबलचक यादी आहे. तीत कुट्ठ, कण्डु, अपमार, मधुमेह, भगन्दला असे शब्द आहेत. त्यांतील कुट्ठाचे बंधू म्हणजे आपले 'कोड', कण्डूचा आपला 'कंड'. मधुमेह आणि भगंदर यांना तर भाषांतराचीही गरज नाही. दवाखान्याच्या दारावरील पाटी वाचणारा आजचा वाचक नकळत निकायांतील शब्द वाचीत असतो.

उपचारांकडे वळल्यास विनयपिटकाच्या महावग्गातील भेसज्जक्खन्धक हे प्रकरण समोर येते. त्याची सुरुवात अगदी व्यावहारिक आहे. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने भिक्खू ग्रासले. पेज पोटात राहीना, अन्न राहीना. ते कृश व फिकट झाले. तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित म्हणजे काकवी ही पाच भेसज्जे घेण्यास अनुज्ञा दिली. ही लोकांत औषध म्हणून मान्य आहेत, अन्नाचे काम करतात आणि तरीही भारी अन्नात मोडत नाहीत, एवढाच त्यामागील विचार. पुढे एकेक रुग्ण, एकेक अडचण आणि एकेक अनुज्ञा अशी यादी वाढत जाते. मुळ्यांमध्ये हलिद्दा म्हणजे हळद, सिङ्गिवेर म्हणजे आले, वचा म्हणजे वेखंड, उसीर म्हणजे वाळा, भद्दमुत्तक म्हणजे नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, तुळस आणि कापशीसुद्धा. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा, आवळा. हिंग आहे, सैंधव आहे. आमच्या आजीच्या फडताळातील डबे कुणी उघडून पाहिले असते तर विनयपिटकाचे हे प्रकरण त्याला जवळजवळ पूर्ण सापडले असते. पिलिन्दवच्छ या भिक्खूच्या डोकेदुखीसाठी प्रथम डोक्यास तेल, मग नाकात औषध, मग औषधी धूर, आणि त्याच्या वातविकारासाठी निरनिराळ्या तऱ्हेचे घाम काढण्याचे उपाय सांगितलेले आहेत. गळवावर शस्त्राने चिरा, काढ्याचे पाणी, तिळाचा लेप आणि वर पट्टी. आज 'निसर्गोपचार' या नावाखाली वाफारा, लेप, पेजेचा आहार असे जे काही सांगितले जाते त्यातील पुष्कळसे येथे आहे. तो शब्द मात्र अर्वाचीन असून युरोपातील जलचिकित्सेच्या चळवळीबरोबर आपल्याकडे रुळला.

या सर्व याद्यांत मंत्र जवळजवळ नाही. वनस्पती कोणत्या नक्षत्रावर उपटावी, कोणत्या वर्णाच्या हस्ते उपटावी, हे विनयात सांगितलेले नाही. जीवकाच्या कथेतही हाच भाव आहे. राजगृहातील सालवती या गणिकेचा हा मुलगा जन्मताच उकिरड्यावर टाकला गेला आणि अभय राजकुमाराने त्याला वाढविले. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला एक योजनाच्या परिसरात औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले आणि तो रिकाम्या हाताने परतला. उकिरड्यावरचे मूल आणि निरुपयोगी नसलेले गवत, या दोन गोष्टी एकाच कथेत याव्यात हे आम्हांस केवळ योगायोगाचे वाटत नाही.

परंतु विनयातील सर्वांत मोलाचा शब्द औषधाचा नाही, शुश्रूषेचा आहे. 'गिलान' म्हणजे आजारी आणि 'गिलानुपट्ठाक' म्हणजे आजाऱ्याची सेवा करणारा. महावग्गाच्या आठव्या खन्धकात अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला आढळतो. तो इतरांच्या काही कामी येत नाही म्हणून इतर त्याच्याकडे पाहत नाहीत. तथागत स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, आणि दोघे मिळून त्याला उचलून मंचावर ठेवतात. मग संघाला उद्देशून तथागत म्हणतात की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्यानंतर उपट्ठाकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध सिद्ध करता यावे, काय मानवेल व काय मानवणार नाही हे कळावे, सेवा लाभासाठी नव्हे, मैत्रीपूर्ण चित्ताने करावी, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना किळस वाटू नये, आणि आजाऱ्याला धम्मकथेने धीर देता यावा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, त्यांत सेवकासाठी 'उपस्थाता' हाच शब्द आहे. पालितील 'उपट्ठाक' याचा तो सख्खा भाऊ. तेथे त्याचे गुण चार : सेवेचे ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता. दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. विनयात मैत्री आहे तेथे चरकात स्वामिभक्ती आहे. विनयात किळस नसणे आहे तेथे चरकात शुचिता आहे. शुचिता हा गुण वाईट नव्हे, आणि चरकसंहिता ही बुद्धिवादी वृत्तीचा एक थोर ग्रंथ आहे याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. पण या देशात मलमूत्र उचलण्याचे काम कुणावर लादले गेले आणि शुचितेचा मान कुणी घेतला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका शब्दाच्या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. स्वतः शास्त्याने अतिसाराच्या रुग्णाला हात लावला, ही गोष्ट आपल्या धम्मसंस्कारांत यापूर्वीच अधिक ठळकपणे यावयास हवी होती.

वैद्यकाला वेदाची प्रतिष्ठा का हवी होती, याचे उत्तरही याच स्पर्शात आहे. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य. पण माणसांत वावरून उपचार करतात म्हणून त्यांना सोमपानाला अपात्र ठरविल्याची कथा ब्राह्मण वाङ्मयात आहे. ब्राह्मणाने वैद्यकी करू नये, कारण वैद्य अपवित्र, असे तैत्तिरीय संहिता सांगते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत वैद्याला श्राद्धाला बोलावण्यास मनाई आहे आणि त्याच्या अन्नाची तुलना पुवाशी केलेली आहे. दहाव्या अध्यायात चिकित्सा हे संकरजात अंबष्ठांचे काम म्हणून लावून दिलेले आहे. जो सर्वांना शिवतो तो शुद्ध राहू शकत नाही, हे यामागील तर्कशास्त्र. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी 1977 च्या आपल्या ग्रंथात हा धागा विस्ताराने उलगडला, आणि केनेथ झिस्क यांनी 1991 मध्ये श्रमण परंपरेतच प्रयोगाधिष्ठित वैद्यक वाढले अशी मांडणी केली. झिस्क यांच्या मांडणीवर मतभेद आहेत, तरी मूळ मुद्दा टिकतो. आपल्या भाषेत या तिरस्काराची एक खूण उरली आहे. 'वैद्य' आणि 'वैदू' हे एकाच कुळातील शब्द. पहिला आदराचा. दुसरा रानोमाळ हिंडून जडीबुटी गोळा करणाऱ्या भटक्या जमातीचे नाव, आणि त्याच बरोबर 'भोंदू' या अर्थाची शिवी. हिरडा दोघांकडे एकच असतो.

येथे उलट बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. दीघनिकायाच्या शीलविषयक भागात भिक्खूंनी ज्या विद्यांवर उपजीविका करू नये त्यांत मंत्रतंत्र, ज्योतिष यांच्याबरोबरच वमन, विरेचन, शल्यकर्म, बालचिकित्सा यांचाही समावेश आहे. निषेध विद्येचा नसून भिक्खूने तिचा धंदा करण्याचा आहे, हे खरे. तरी वैद्यकी आणि भविष्यकथन एकाच यादीत यावे हे खटकते. मगधात पाच रोगांची साथ असताना जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून लोक प्रव्रज्या घेऊ लागले, तेव्हा अशा रुग्णांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. त्यामागची अडचण समजते, पण त्या दारातून परत गेलेल्या कुष्ठरोग्याचाही विचार मनात येतो. अमानुष बाधेवर कच्चे मांस व रक्त घेण्याची मुभा विनयात आहे. सर्पदंशावर विष्ठा, मूत्र, राख व माती ही चार 'महाविकटे' सांगितली आहेत. ती त्या काळची समजूत होती. आज कुणी ती अनुसरू नये, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सर्पदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. पुढे बौद्ध परंपरेतही मंत्र शिरलेच. 1890 मध्ये कुचा येथे हाती आलेल्या बॉवर हस्तलिखितात वैद्यकाच्या पाठांबरोबर सर्पदंशावरील महामायूरी धारणीही आहे. लसणाच्या गुणांचे वर्णन आणि सापाला उद्देशून म्हणावयाचा मंत्र, दोन्ही एकाच पोथीत.

'आबाध' हा शब्द शिलेवरही आला आहे. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखात लोक आजारात, लग्नकार्यात, पुत्रजन्मी, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात असे म्हटले आहे. त्यांचे फळ अल्प, धम्ममंगलाचे फळ मोठे, असा त्याचा आशय आहे. (यात स्त्रियांवर अधिक ठपका ठेवला आहे, मुलाचे आजारपण सर्वाधिक कुणाच्या अंगावर पडत असे, याचा विचार सम्राटाने केलेला दिसत नाही.) या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यास मिळालेला आहे. गिरनारच्या प्रतीत शब्द आहे तो 'आबाध'. विधींना पर्याय कोणता, ते दुसऱ्या शिलालेखात आहे : माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा, जेथे औषधी वनस्पती, मुळे व फळे नाहीत तेथे ती आणवून लावणे, रस्त्यांवर विहिरी आणि झाडे. स्वतःच्या राज्यातच नव्हे, तर चोळ, पांड्य, ताम्रपर्णी आणि यवन राजा अंतियोक याच्या मुलखापर्यंत. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानने पाटलिपुत्रात अनाथ, विधुर, पंगू यांना अन्न व औषध फुकट मिळणारी गृहे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे.

ही परंपरा ओसरल्यावर महाराष्ट्रात रोगांना जी नावे राहिली ती पाहावीत. पुरळाच्या भयंकर साथीचे नाव 'देवी'; इतके की लस टोचण्यालाही 'देवी काढणे' म्हणू लागले. भारतात तिचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये ती जगातून गेल्याचे जाहीर झाले. ही देवी कुणाच्या नवसाने गेली नाही. पटकीची अधिष्ठात्री मरीआई. तिची सेवा गावोगाव महार-मांगांच्या माथी मारलेली, आणि साथ आली की तिचा गाडा पुढील गावाच्या शिवेवर नेऊन सोडावयाचा. कॉख यांनी 1884 मध्ये कलकत्त्यास पटकीचा जंतू दाखवून दिल्यानंतरही कित्येक दशके हे गाडे फिरतच होते. 'वात' हा शरीरातील विकार होता. 'वारे' ही अंगात येणारी देवता झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांनी ज्या गोष्टी घरांतून बाहेर काढल्या त्यांत रोगाची ही दैवतेही होती. आरोग्याच्या दृष्टीने या प्रतिज्ञांचा अभ्यास अद्याप कुणी पुरेसा केलेला नाही. देव्हारे गेले, 'भोग' आणि 'बाहेरचे' हे शब्द मात्र आपल्या वस्त्यांत अजून ऐकू येतात.

शुश्रूषेच्या शब्दांची स्थिती याहून चमत्कारिक. वैशालीच्या महावनात 'गिलानसाला' होती आणि तथागत तेथे रुग्णांना भेटावयास जात, असे संयुत्तनिकायात आहे. आपण मात्र 'दवाखाना' फारसीतून घेतला, 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आणि 'नर्स' इंग्रजांकडून. 'गिलान'चे भावंड असलेली 'ग्लानी' तेवढी उरली.

हा शब्द महाराष्ट्राच्या भूमीवरून पूर्णपणे पुसला गेला नाही, तो नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमुळे. तेथील दहाव्या लेण्यात अभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने त्रिरश्मी पर्वतावरील विहारात राहणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी, लेखाच्या शब्दांत 'गिलानभेषजा'साठी, अक्षयनीवी ठेवल्याची त्यात नोंद आहे. मुद्दल कायम ठेवावयाचे आणि व्याजातून औषध आणावयाचे, अशी ही व्यवस्था. ती रक्कम तिने कोणा राजाच्या कोषात ठेवली नाही, गोवर्धन येथील कारागिरांच्या निरनिराळ्या श्रेणींकडे वाटून ठेवली. त्यांत तीळ गाळून तेल काढणाऱ्यांची श्रेणीही होती, आणि तेल हे पाच भेसज्जांपैकी एक.